मराठीत सांग

शुक्रवारची दुपार होती. जुफेरच्या पेट्रोलपंपामागे गाड्या धुण्याचं यंत्र आहे, त्यात निवेदितानं गाडी घातली आणि काचा वर केल्या. पांढरा फेस आधी पुढच्या काचेवर आणि मग दोन्ही बाजूंनी ओघळत खाली आला. बाहेरचं ऊन, पंपावरचा बंगाली माणूस, समोरच्या इमारतीच्या निळ्या काचा, सगळं दिसेनासं झालं. तिला ही मिनिटं आवडत. इथे कुणी काही बोलत नसे, त्यामुळे कुणाचं काही दुसऱ्याला सांगायचं नसे. जाडजूड ब्रश टपावर थपाथप आदळू लागले आणि तेवढ्यात शेजारच्या सीटवरचा फोन उजळला. शेवंतीचं नाव बघून तिनं तो आधी उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला आणि उचलला. शेवंती नेहमीसारखी भरभर बोलली नाही. ह्यांच्या कोर्टाचा व्हिडिओ आलाय, म्हणाली. सेरांगोच्या टीव्हीवर दाखवला, ह्यांच्यासोबतच्या केरळच्या माणसानं पाठवला. अजून उघडला नाही. एकटीनं उघडायची हिंमत होत नाही, आणि उघडून तरी काय, ती भाषा कुठे येते. तुम्ही याल का? निवेदिता येते म्हणाली. 'येते' म्हणताना आपला आवाज ठीक आला, हे तिनं सवयीनं टिपलं. ब्रश मागे सरकले, काचेवरून पाणी वाहून गेलं, आणि समोर ऊन होतं तसंच्या तसं उभं राहिलं. बंगाली माणूस हातानं पुढे या, पुढे या म्हणत होता. ती जागची हलली नाही, तेव्हा मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

पुण्यात ती फ्रेंच शिकली तेव्हा भाषा म्हणजे खिडकी वगैरे बोललं जाई. बहारीनमध्ये, मनामात येऊन सतरा-अठरा वर्षं झाल्यावर तिच्या लेखी भाषा म्हणजे घसा होता. कंपनीत तिचं पद काहीतरी लांबलचक होतं, पण काम दुभाषीपणाचं. कंपनी आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या सरकारांना यंत्रं विकायची, आणि गेली दोन वर्षं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सेरांगो. तिथे लष्करानं निवडून आलेल्यांना घरी बसवलं होतं. खाती अधिकाऱ्यांनी वाटून घेतली होती. बंदर एका जनरलचं, वीज दुसऱ्याची, इस्पितळं एका कर्नलची. कर्नलच्या मेहुण्याच्या कंपनीमार्फत माल घेतला तरच तो तिथल्या बंदरात उतरे. ह्या सगळ्या गोष्टी निवेदितानं दोन्ही बाजूंनी आपल्या तोंडानं सांगितल्या होत्या. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, सरळ 'मी' म्हणायचं. तेव्हा मेहुण्याचा वाटा तिनं 'माझ्या घरचा माणूस आहे' म्हणून मागितला होता, आणि कंपनीतर्फे 'माझी हरकत नाही' म्हणून मान्यही तिनंच केला होता. सुरुवातीला घरी येऊन ती हे नवऱ्याला हसत सांगे. राजनची बँकेतली नोकरी गेल्यापासून तो ऐकताना हसत नसे. मग तिनं सांगणं सोडून दिलं. राजनचा व्हिसा आता तिच्या व्हिसावर होता. लेकीचं, कश्मिराचं कॉलेज, फ्लॅट, तिच्या सासूबाईंचं औषधपाणी, सगळं तिच्या घशावर चाललं होतं.

जिदहफ्सला शेवंतीकडे जायचं तर तिनं उजवीकडे वळायला हवं होतं. पण हात रोजच्या सवयीनं मीना सलमान बंदराच्या रस्त्याला लागले, आणि हे लक्षात आल्यावरही तिनं गाडी वळवली नाही. शुक्रवारच्या सुटीमुळे रस्ता ओस होता. कंपनीच्या शेडला कुलूप, दारात वाळूचा पातळ थर. तिनं गाडी उभी केली आणि एसी चालूच ठेवला. ह्याच शेडमध्ये तिनं शेवंतीच्या नवऱ्याला, महादेव झाडेला पहिल्यांदा पाहिलं होतं. वर्ध्याचा. फार गोड नाही, फार कडू नाही, असा कामापुरता माणूस. कुठल्याशा बंद पडलेल्या इस्पितळातून आणलेली ऑक्सिजनची यंत्रं इथे उघडली होती आणि महादेव त्यांच्यावर पांढरा रंग मारून घेत होता. ती फ्रेंच पाट्या तपासायला आली होती. रंगाच्या वासानं तिचं डोकं चढलं होतं. आतून किती जुनी आहेत हो ही, असं तिनं सहज विचारलं, तर तो म्हणाला, चालतील मॅडम, वर्ष-दीड वर्ष तर कुठं नाही गेली. त्यापुढचं कोणी पाहिलं? मग दोघंही हसले होते. तो हसताना रंगाचा हात मागे धरून उभा होता, तिच्या साडीला लागू नये म्हणून. हे तिला आठवायचं नव्हतं. तिला हवं होतं की त्याचा काही उर्मटपणा आठवावा, काही हलकटपणा, एखादी नको ती नजर. ती शोधत राहिली. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. महादेवनं तिला कधी काहीच केलं नव्हतं.

यंत्रं वर्षभरही चालली नाहीत. सेरांगोच्या राजधानीतल्या इस्पितळात एका पहाटे ती बंद पडली, आणि नवजात बाळांच्या खोलीत जी बाळं होती त्यातली बहुतेक गेली. त्या बाळांच्या आया इस्पितळाच्या फाटकाशी बसल्या आणि उठेनात. त्यांच्यामागे शहर बसलं. दोन वर्षांत जे कोणी बोलायला धजले नव्हते, ते लोक आता लष्कराचं नाव घेऊन बोलू लागले. अशा वेळी लष्कराला कुणीतरी लागतं. देखभालीसाठी कंपनीनं पाठवलेला महादेव तिथेच होता. परका होता, चेहऱ्यानं वेगळा होता, त्याला कुणाची भाषा येत नव्हती. त्याला उचलला. आणि आठवडाभरात कर्नल बहारीनला आला, उघडपणे, बायकोसाठी अत्तरं घ्यायला.

त्या जेवणाची निवेदिताला शिसारी यायला हवी होती. आजही येत नव्हती, हीच तिची अडचण होती. समुद्रकाठचं हॉटेल, पांढरे टेबलक्लॉथ, भाजलेला हामूर मासा. कंपनीचे मॅनेजर निहार गुप्ते तिच्या डावीकडे, कर्नल समोर. कर्नलचं फ्रेंच असं नितळ होतं की त्याचं वाक्य मराठीत किंवा इंग्रजीत आणताना तिला एखादं नक्षीचं भांडं हातात घेतल्यासारखं वाटे. तिनं फ्रेंच कुठे शिकलं हे त्यानं विचारलं, आणि उत्तर पूर्ण ऐकलं. इतक्या वर्षांत असं कुणी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता त्यानं आपल्या काट्यानं माशाचे काटे वेगळे केले आणि बिनकाट्याचा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तुम्ही सारख्या बोलताय, तुम्हाला जेवायला कुठे वेळ आहे, म्हणाला. तिनं तो खाल्ला. चांगला होता. मग त्यानं त्याच आवाजात सांगितलं की तुमचा माणूस विरोधकांना फितूर झाला होता, यंत्रं त्यानं मुद्दाम बिघडवली, असं त्यानं लिहून दिलं की यंत्रांचा प्रश्नच उरत नाही. मग कंपनीचाही नाही, मंत्रालयाचाही नाही. बंदराच्या क्रेनचं काम पुढच्या महिन्यात निघतंय. निवेदिता हे सगळं 'मी' म्हणून सांगत गेली. निहारनं पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, मग झाडेचं काय होणार? तिनं ते फ्रेंचमध्ये विचारलं. कर्नल म्हणाला, तो बाहेर येईल. एवढंच. कुठून, कसा, पायांवर की कसा, काही नाही. त्याच्या भाषेत ते वाक्य जेवढं उघडं होतं तेवढंच तिनं मराठीत ठेवलं. बाहेर येईल. निहारनं तिच्याकडे पाहिलं, तिनं निहारकडे, आणि कर्नलनं दोघांकडे. तिघांनाही कळलं होतं. ह्याबद्दल तिच्या मनात पुढे कधीही शंका उभी राहिली नाही. तिनं ती उभी करायचा पुष्कळ प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी निहारच्या केबिनमध्ये कर्नलनं व्हिडिओवरून महादेवशी बोलणं करून दिलं. तो सोफ्यावर बसला होता, कॉफी पीत. फ्रेंचमधला कबुलीचा कागद इंग्रजीत वाचून दाखवला तरी महादेव सही करत नव्हता. त्याला संशय होता. तेव्हा निहार तिला बाजूला घेऊन म्हणाला की तू बोल. तिनं विचारलं, तुम्ही का नाही? तुम्हीही मराठीच आहात.

"माझ्यावर तो चिडलेला आहे," निहार म्हणाला. "शिवाय मी साहेब. तू मराठीत सांग, घरच्यासारखं. बाईच्या आवाजावर माणूस विश्वास ठेवतो."

पडद्यावर महादेव आला. अंगात कुणीतरी घातलेला स्वच्छ शर्ट होता, त्याची बाही त्याला आखूड होत होती. टेबलाच्या कडेला एका शिपायाचा फक्त हात दिसत होता, निवांत पडलेला. तिला बघून महादेवचा चेहरा एकदम सैल झाला. किती दिवसांनी मराठी ऐकून राहिलो, असं काहीतरी तो म्हणाला, आणि आधी शेवंतीचं विचारलं. ती बरी आहे, म्हणून निवेदितानं सांगितलं. कागद तिनं वाचला होता. अर्ध्या पानाचा कागद. त्यात एक शब्द होता, 'जाणूनबुजून', आणि सगळा कागद त्या एका शब्दावर टांगलेला होता. तिनं मराठीत सांगायला सुरुवात केली. यंत्रं बंद पडली त्या दिवशी माझी ड्यूटी होती. माझ्या हातून व्हॉल्व्हचं काम झालं. ते चुकीचं होतं. मला त्याचं दुःख आहे. त्या शब्दाशी आली तेव्हा तिनं श्वास घेतला, आणि श्वास सोडला तेव्हा ती पुढच्या वाक्यावर होती. इतकं सोपं. तोंडातला घास गिळावा तसं. समोर कर्नल कॉफीचा कप बशीत ठेवत होता. त्याला मराठी येत नव्हती, तरी तो मान डोलावत होता. एखाद्या चांगल्या गाणाऱ्याला दाद द्यावी तशी.

"ताई, तुम्ही वाचलं न पूर्ण?" महादेवनं विचारलं. आजवर तो तिला मॅडम म्हणत आला होता.

"वाचलं."

"मग करू सही?"

"करा," ती म्हणाली. "आठवड्यात बाहेर याल."

'आठवड्यात' हा शब्द कर्नलचा नव्हता, निहारचाही नव्हता, त्या केबिनमध्ये तो कुणीच उच्चारला नव्हता. तो तिनं स्वतः घातला होता. का घातला, ह्यावर ती पुढे खूप विचार करत राही. भाकरीवर तूप घालावं तसा घातला. वाक्य कोरडं वाटलं म्हणून. आपण करतोय ते नीट व्हावं, ही जुनी खोड. शाळेत असल्यापासूनची. हस्ताक्षर, पाठांतर, उच्चार, सगळ्यात तिला नीटपणाची बक्षिसं मिळत. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं डोकं दुखतंय म्हणून पडदे ओढून घेतले. राजननं आलं घालून चहा करून दिला. त्यानं काही विचारलं नाही. न विचारण्याचा त्याला आता सराव झाला होता, आणि तिला त्याच्याबद्दल पहिल्यांदा तिरस्कार वाटला. चहा मात्र तिनं संपवला.

आठवडा गेला, महिना गेला. शेवंती जिदहफ्सच्या त्या दोन खोल्यांमध्ये ब्लाउज शिवत राहिली. इथल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज तीच शिवे, निवेदिताचेही. कंपनीनं तिचा व्हिसा अजून रद्द केला नव्हता. निहारनं हे स्वतःचं मोठेपण म्हणून दोन-तीनदा सांगितलं होतं. माप घ्यायला गेलं की शेवंती निवेदिताच्या खांद्यावर टेप धरून विचारे, काही कळलं का मॅडम? आणि निवेदिता, हात आडवे पसरून उभी, म्हणे, चालू आहे प्रयत्न. शेवंती शिलाई घेत नसे. तुम्ही ह्यांच्याशी बोलल्या, तुमच्यामुळंच तर त्यांना धीर आला, म्हणे. तिच्या बोटांना शिलाई यंत्राच्या तेलाचा वास येई. खांद्यावर ती बोटं टेकली की निवेदिताच्या पाठीतून काहीतरी सरकत खाली जाई, पण ती हलत नसे. माप चुकलं असतं.

शेडच्या दारातून तिनं गाडी मागे घेतली. सनाबिसवरून जाताना नमाज सुटली होती. माणसं पांढऱ्या कपड्यांत हळूहळू चालली होती, कुणाच्या हातात पिशवीत गरम पाव. तिला वाटलं, फोन करून सांगावं, गाडी बिघडली. कश्मिरा तापलीय. पण मग शेवंती दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल. लेबनीज दुकानदार, शाळेतली फ्रेंचची शिक्षिका, कुणीही. आणि तो माणूस जे असेल ते सांगून मोकळा होईल. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं. ह्या विचाराला तिनं आधी दया समजून पाहिलं. जिदहफ्सच्या बाजारातल्या गल्लीत गाडी लावेपर्यंत ते काय आहे हे तिला कळलं होतं. जिन्यात कुणाकडचे तरी मासे तळल्याचा वास येत होता.

शेवंतीनं दार उघडलं. केस धुतलेले होते, देवाला दिवा लावलेला. यंत्र भिंतीला सरकवून खुर्ची मोकळी केली होती आणि समोर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. निवेदिताला खुर्ची देऊन ती खाली सतरंजीवर बसली. तिनं बोट लावलं.

व्हिडिओतल्या खोलीत तीन लष्करी अधिकारी एका लांब टेबलामागे होते. मधल्याचा चष्मा सारखा घसरत होता. मागे झेंडा. महादेव एका बाजूला उभा होता, इतका वाळलेला की शेवंती आधी दुसऱ्याच माणसाकडे बघत होती. मग तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. एक तरुण शिपाई इंग्रजीतून काहीतरी विचारत होता आणि महादेव अडखळत उत्तर देत होता. शब्द सापडेनात तेव्हा त्यानं अचानक कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि तो मराठीत बोलू लागला. खोलीतल्या कुणालाच ते कळत नव्हतं. मधल्या अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्या कागदात काय होतं ते मला नाही समजलं," महादेव म्हणत होता. "आमच्या ऑफिसच्या निवेदिता मॅडमला विचारा. त्यांनी वाचला होता. त्या आमच्या मराठी आहेत. त्या खोटं नाही बोलणार."

शिपायानं अधिकाऱ्यांकडे वळून फ्रेंचमध्ये सांगितलं, आरोपीनं कबुली कायम केली आहे. शिपायाचं व्याकरण कच्चं होतं. निवेदिताच्या मनात ते आलं आणि गेलं. शेवंतीनं मागे वळून तिचा गुडघा धरला होता. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की निवेदितानं खिडकीकडे पाहिलं. मग मधला अधिकारी उभा राहिला आणि वाचू लागला. लष्करी न्यायालय, राष्ट्रद्रोह, बालकांची हत्या. मृत्युदंड. गोळ्या घालून. अपील नाही. त्यानं ते सपाट आवाजात वाचलं, बाजारभाव वाचावेत तसं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि चित्र थांबलं. थांबलेल्या चित्रात महादेव त्या शिपायाकडे बघत होता, आता हा आपल्याला काय ते सांगेल म्हणून.

"काय म्हणून राहिला होता तो, शेवटी?" शेवंतीनं विचारलं.

निवेदिताला सगळे शब्द माहीत होते. मराठीतले तर लहान मुलालाही माहीत असतील. ते तोंडात आलेही. पण त्यांच्यामागे पुढचा प्रश्न उभा होता, कशासाठी, आणि त्याच्यामागे तो कागद, आणि कागदात गिळलेला शब्द. आणि त्या सगळ्यांच्या मागे शेवंतीचा तो हात, अजून गुडघ्यावर.

"पुढची तारीख दिली," ती म्हणाली.

"कधीची?"

"कळवतील म्हणाला."

शेवंतीनं डोळे मिटून घेतले आणि बसल्या जागी मागेपुढे झुलू लागली. मग उठून तिनं देवाला हात जोडले, आत जाऊन वर्ध्याला सासूला फोन लावला. तारीख मिळाली आई, ऑफिसच्या मॅडम साक्ष देणार आहेत, ह्यांनी भर कोर्टात त्यांचं नाव घेतलं. बाहेर खुर्चीत निवेदिता ते ऐकत होती. ऐकता ऐकता तिला ते जवळजवळ खरं वाटू लागलं. शेवंती बाहेर आली ती बशीत रव्याचे लाडू घेऊन.

"तुम्ही याल न तिथं, तारखेला?"

"येईन."

"मीपण येते मग. पासपोर्ट माझ्याजवळच आहे." शेवंती तिच्या समोर बसली. आता ती घाईत होती, पूर्वीसारखी भरभर बोलत होती. तिथे गेल्यावर आपल्याला एक तरी वाक्य त्यांच्या भाषेत आलं पाहिजे, म्हणाली. तुम्ही तर बोलालच, पण बायकोनं स्वतः बोललेलं वेगळं असते. "माझा नवरा निर्दोष आहे. एवढंच शिकवा मला."

निवेदितानं लाडूचा तुकडा गिळला आणि सांगितलं. "मों मारी एतिनोसाँ."

शेवंतीला ते तुटक येत होतं. ए, इनोसांत. निवेदितानं सांगितलं की मधे एक 'त' आहे, एरवी तो ऐकू येत नाही, पण पुढे स्वर आला की जोडून म्हणायचा. आणि शेवटचा 'त' मात्र म्हणायचा नाही, नाकात सोडून द्यायचा. शेवंतीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा. निवेदिता खुर्चीत पुढे सरकली. तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं, मग शेवंतीच्या. शेवंती लाजून हसली. दोघी बराच वेळ ते म्हणत बसल्या. मागे फोनमधलं चित्र कधीतरी काळं झालं होतं.

अखेर जमलं. निवेदिता उठली. शेवंतीनं नव्या ब्लाउजची पिशवी तिच्या हातात दिली आणि दारापर्यंत आली. जिना उतरताना वरून तिचा आवाज येत होता. ती दार न लावता तिथेच उभी राहून वाक्य पाठ करत होती. एकदा बरोबर आलं. दुसऱ्यांदा 'त' पुन्हा निसटला. निवेदिता मधल्या वळणावर थांबली. तळलेल्या माशांचा वास आता गार झाला होता. तिनं कठड्याला हात लावला आणि मान वर केली.

"जोडून, शेवंती," ती म्हणाली. "'त' जोडून म्हणा."

वरून शेवंतीनं जोडून म्हटलं. निवेदितानं ते पूर्ण ऐकलं आणि ती खाली उतरली.